निळ्या अंड्याचा कोंबडा ओळखायचा कसा? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात परसातल्या कोंबड्यांवर लिहिताना निळ्या-हिरव्या अंड्यांचा नुसता उल्लेख केला होता, दोनच ओळी होत्या, पण त्यावर बीड, लातूर, परभणी, नांदेड सगळीकडून एवढे प्रश्न आले की या वेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, तेव्हा आपलं गाव दिसलं नाही म्हणून रागावू नका.

ताई, मोबाईलवर निळी अंडी बघितली. आमच्या गल्लीत कोणी म्हणायलेत ती रंगवलेली असतात, कोणी म्हणायलेत कोंबडीला तसला खुराक दिला की तसं अंडं येतंय. खरं काय? – एक वाचक, अंबाजोगाई

निळी अंडी खरी असतात दादा, आणि खुराकाचा त्यात काहीच हात नसतो. खुराकाने बदलतो तो बलक. मका, लसूणघास, शेवग्याचा पाला पोटात गेला की बलक केशरी होतो, नुसत्या तांदळाच्या कणीवर ठेवलं की फिक्का पडतो. कवचाचा रंग मात्र कोंबडी जन्माला येताना घेऊन येते, तो आईबापाकडून आलेला असतो.

हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. कवच मुळात पांढरंच असतं, चुन्याचं. अंडं कोंबडीच्या पोटात कवच चढायच्या जागी साधारण वीस तास थांबतं. तपकिरी रंगाचं द्रव्य आहे प्रोटोपॉर्फिरिन, ते शेवटच्या काही तासांत वरून लागतं, म्हणून तपकिरी अंडं फोडून आतून बघितलं तर पांढरं दिसतं. निळ्याचं द्रव्य वेगळं, बिलिव्हर्डिन, ते कवच तयार होतानाच त्यात मिसळत जातं, त्यामुळे निळं अंडं आतूनही निळंच असतं. आतलं पातळ पापुद्र्याचं कातडं काढायचं आणि उजेडात बघायचं. बाहेर निळं आणि आत पांढरंफटक असलं तर ते रंगवलेलं समजा. आणि हिरवं अंडं म्हणजे निळ्या कवचावर वरून तपकिरी हात फिरलेला, ते आतून निळं निघतं. ऑलिव्ह रंगाचं असलं तरी तेच.

जाता जाता, बाजारात पांढरी फार्मची अंडी चहाच्या पाण्यात घालून गावरान म्हणून खपवतात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केलीय. तिथे ही फोडून बघायची युक्ती चालत नाही, खरं तपकिरी पण आतून पांढरंच असतं. पण पन्नास अंडी एकाच मापाची आणि एकाच छटेची दिसली तर घेऊ नका, कारण खऱ्या गावरान अंड्यांच्या टोपलीत एक बदामी, एक दुधी, एक गुलाबीसर, एक बारकं असं सगळं मिसळलेलं असतं.

हा निळा रंग आला कुठून? आपल्या गावरान कोंबडीत तो कधी होता का? – कॉलेजची विद्यार्थिनी, नांदेड

आपल्या मराठवाड्यातल्या गावरानात मी तरी बघितलेला नाही, आपल्याकडे दुधी ते फिक्कं तपकिरी एवढंच. निळ्याची दोन मूळ घराणी जगाला माहिती आहेत. एक दक्षिण अमेरिकेत चिलीमध्ये, तिथल्या मापुचे लोकांकडच्या कोंबड्या, ज्यांना पुढे अरौकाना नाव पडलं. साल्वादोर कास्तेयो नावाच्या स्पॅनिश प्राध्यापकाने त्या चिलीत बघितल्या आणि १९२१ ला हेगमध्ये पहिली जागतिक कुक्कुट परिषद भरली तिथे त्याबद्दल सांगितलं, तेव्हा युरोपातल्या लोकांचं लक्ष गेलं. दुसरं घराणं चीनमधलं, डोंगशियांग आणि लुशी या तिथल्या गावठी कोंबड्या.

२०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी याचं मूळ शोधलं आणि ते मला फार विलक्षण वाटतं. कोंबडीच्या एक नंबरच्या गुणसूत्रावर एका जागी जुन्या काळच्या एका विषाणूचा तुकडा येऊन बसलाय आणि त्यामुळे शेजारचा जीन कवच चढायच्या जागी जोरात काम करायला लागलाय, म्हणून बिलिव्हर्डिन कवचात उतरतं. चिलीत आणि चीनमध्ये हा तुकडा वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे बसला. म्हणजे तीच गोष्ट जगात दोनदा घडली, एकमेकांचा काही संबंध नसताना! अंड्याला त्याचा त्रास नाही, खाणाऱ्यालाही नाही.

माझ्याकडं दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत. ओळखीच्या एकाकडं निळ्या अंड्यातून निघालेला कोंबडा आहे, तो देतो म्हणायलाय. त्याला माझ्या कोंबड्यांत सोडला तर सगळ्या तलंगा (पहिल्यांदा अंड्यावर येणाऱ्या तरुण माद्या) निळी अंडी देतील का? – गृहिणी, सेलू

ताई, सगळ्यात जास्त लोकांनी हाच प्रश्न विचारलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, "निळ्या अंड्यातून निघालेला" याला फार अर्थ नाही. अंड्याचा रंग आईचा असतो, आतल्या पिल्लाचा नसतो. आई निळी अंडी देणारी होती एवढंच त्यावरून कळतं, पिल्लाला तो गुण मिळालाय का नाही ते कळत नाही.

प्रत्येक पक्ष्यात या गुणाच्या दोन जागा असतात, एक आईकडून आलेली एक बापाकडून. निळा गुण वरचढ आहे, दोन्हीपैकी एका जागी असला तरी अंडं निळं किंवा हिरवं येतं. हे १९३३ ला पनेट या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, ज्याचा चौकोन आपल्या पोरांना शाळेत आनुवंशिकतेच्या धड्यात काढायला लावतात तोच पनेट. मग हिशोब असा की कोंबड्याच्या दोन्ही जागी निळा असेल तर तो कुठल्याही कोंबडीला लावा, तिच्या सगळ्या लेकी रंगीत अंडी देणार. एकाच जागी असेल तर निम्म्या लेकी देणार, निम्म्या आपल्या आईसारखी साधी अंडी देणार. आणि एकाही जागी नसेल तर तो दिसायला कितीही देखणा असू द्या, काही उपयोग नाही.

आता कोंबडा काही अंडं देत नाही, मग ओळखायचं कसं? लेकींवरून. त्याला तुमच्या गावरान कोंबड्यांत सोडा, पिल्लं काढा, तलंगा अंड्यावर येईपर्यंत थांबा. गावरानाला सहा-सात महिने लागतात, घाई करून चालत नाही. पाच लेकी अंड्यावर आल्या आणि पाचही जणींचं अंडं आतून निळं निघालं तर कोंबडा दोन्ही जागी निळा आहे असं धरायला हरकत नाही, कारण एका जागेचा कोंबडा असता तर पाचपैकी पाच निळ्या पडायची शक्यता बत्तीसात एक आहे. एक जरी लेक साध्या अंड्याची निघाली की तिथेच निकाल लागला, तो एका जागेचा.

आणि रंग कसला येईल? तुमची कोंबडी अगदी पांढरं अंडं देणारी, लेगहॉर्नसारखी, असेल तर लेकींचं फिक्कं आकाशी येईल. गावरान दुधी-बदामी देत असेल तर लेकींचं पुदिन्यासारखं फिक्कं हिरवं येईल. ऱ्होड आयलंड रेड किंवा ग्रामप्रियासारख्या तपकिरी अंड्याच्या कोंबडीला लावला तर जास्त गडद हिरवं. ते इंटरनेटवर दिसतं तसलं गर्द ऑलिव्ह पाहिजे असेल तर फ्रान्सच्या मारान्ससारखी चॉकलेटी अंड्याची जात लागते, ती आपल्याकडे मिळणं अवघड. तपकिरीचं गणित निळ्यासारखं सरळ नाही बरं का, त्यात बरेच जीन मिळून काम करतात, म्हणून तपकिरी एका पिढीत गडद होत नाही, दर पिढीला सगळ्यात गडद अंडी निवडून तीच उबवत जावं लागतं.

पुढच्या पिढीचं पण सांगून ठेवते. या हिरव्या अंड्याच्या लेकी परत एका जागेच्या निळ्या कोंबड्याला लावल्या तर चारात एक दोन्ही जागी निळी, दोन एका जागी, आणि एक साधी, असं सरासरी पडतं. चारात म्हणजे प्रत्येक चारात असं नाही, पन्नास पिल्लांचा हिशोब केला तर त्याच्या आसपास. मात्र बहीण-भाऊ लावू नका. एक-दोन पिढ्यांतच अंडी कमी फुटायला लागतात, पिल्लं कमकुवत निघतात. कोंबडा दुसऱ्या ठिकाणचा आणा.

अजून एक, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते. नवा कोंबडा सोडला की लगेच त्या आठवड्याची अंडी उबवायला ठेवू नका. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधीकधी तीन आठवडेही टिकतं. जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे अंडी खा नाहीतर विका, त्यानंतरची उबवायला घ्या, तरच बाप कोण ते खात्रीने सांगता येतं. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या बस झाल्या.

आमच्याकडं एकजण सांगायलाय की पिल्लाच्या तुऱ्यावरूनच निळं अंडं ओळखू येतं. बसका बारका तुरा असला की निळं, उभा करवती तुरा असला की साधं. यात तथ्य आहे का? – पोल्ट्रीवाला, औसा

तथ्य आहे, पण आपल्याकडे ते फसवतं. निळ्या अंड्याचा जीन आणि बसक्या तुऱ्याचा जीन, ज्याला इंग्रजीत पी कोंब म्हणतात, हे एकाच गुणसूत्रावर अगदी जवळ आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा जोडीनेच पुढे जातात. बाप बसक्या तुऱ्याचा अरौकाना वंशाचा आणि आई उभ्या तुऱ्याची असेल, तर बसक्या तुऱ्याच्या पिल्लांत निळा गुण असण्याची शक्यता चांगली असते.

पण दादा, आपल्या भागात असीलचं, म्हणजे झुंजीच्या कोंबड्यांच्या जातीचं, रक्त किती गावरान कोंबड्यांत मिसळलंय ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, आणि असीलचा तुरा मुळातच बसका असतो, निळ्या अंड्याशी त्याचा काही संबंध नसताना. म्हणजे आईकडूनच बसका तुरा आला असेल तर तुमची खूण तिथेच संपली. शिवाय क्रीम लेगबार नावाची इंग्लंडची जात आहे, निळी अंडी देते आणि तुरा उभा असतो. तेव्हा तुरा बघून जास्त पैसे मोजू नका. अंडं बघा, फोडून बघा.

कानाजवळ पिसांचे झुबके असलेला अरौकाना कोणी दाखवला तर एवढं लक्षात ठेवा की झुबकेवाला नर आणि झुबकेवाली मादी एकत्र लावली की साधारण पाव पिल्लं अंड्यातच मरतात. झुबक्याचा गुण दोन्हीकडून आला की जीव वाचत नाही. अंड्याच्या रंगासाठी झुबका लागतच नाही, मग कशाला तो घ्यायचा.

कडकनाथची अंडी काळी असतात का? आठवडी बाजारात एकाने काळपट अंडी दाखवली. – कळंब

नाही. कडकनाथचं मांस, हाडं, तुरा, जीभ काळी असते, अंडं मात्र दुधी ते फिक्कं तपकिरीच असतं. झाबुआच्या कडकनाथला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेही मांसासाठी. काळं अंडं दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

माझ्या कोंबड्या हिवाळ्यात छान गडद तपकिरी आणि हिरवी अंडी देत होत्या. मार्चपासून रंग फिक्का पडलाय, कवच पातळ झालंय, आणि उबवायला ठेवलेली निम्मी अंडी खराब निघाली. खुराक तोच आहे. – शेतकरी, परभणी तालुका

परभणीचं ऊन म्हटल्यावर निम्मं उत्तर तिथेच आलं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला लागणारा माल रक्तात कमी पडतो, म्हणून कवच पातळ. उन्हाच्या ताणाने रंगद्रव्य पण कमी लागतं. तपकिरी रंग तसाही हंगाम पुढे सरकेल तसा फिक्का होत जातो, पिसं झडून विश्रांती झाली की परत गडद येतो. निळा तेवढा हलत नाही कारण तो कवचातच असतो, त्यामुळे तुमची हिरवी अंडी उन्हाळ्यात जास्त निळसर दिसत असतील, बघा.

करायचं काय, तर खुराक पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या, दुपारी नको. शिंपल्याचा चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा, कवच मुख्यतः रात्री चढतं तेव्हा तो पोटात पाहिजे. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून दोन-तीनदा बदलून. खुराड्याच्या पत्र्यावर तुऱ्हाट्या नाहीतर उसाचं पाचट टाका.

खुराक तोच आहे म्हणता पण पोत्यावरचं लेबल एकदा वाचा. काही ब्रॉयलरच्या खाद्यात निकार्बाझिन नावाचं औषध असतं, ते अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात गेलं की थोड्याच दिवसांत तपकिरी अंडी पांढुरकी पडतात आणि पिल्लं निघायचं प्रमाणही घसरतं. खाद्य बंद केलं की रंग परत येतो. दुकानात लेअरचं (अंड्यावरच्या कोंबडीचं) खाद्य संपलं म्हणून ब्रॉयलरचं पोतं आणलं असं लई जणांकडे होतं. आणि रंग अचानक उडाला, सोबत अंडी वेडीवाकडी, कोंबड्या शिंकायल्यात असं असेल तर तो आजार आहे, थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आता अंडी खराब निघण्याचं. एप्रिल-मेमध्ये घरात ठेवलेलं अंडं सुद्धा उबायला लागतं, धड वाढत नाही आणि धड थांबत नाही, आतला जीव अर्धवट वाढून मरतो. उबवायची अंडी थंड जागी लागतात, पंधरा ते अठरा अंश मिळालं तर उत्तम, आणि आठवड्याच्या आत बसवायची. आपल्या जुन्या बायका ओल्या वाळूत मडकं अर्धं पुरून त्यात कोरड्या कपड्यावर अंडी ठेवायच्या, निमुळतं टोक खाली करून, ती पद्धत आजही चालते. पण माझं खरं मत विचाराल तर मराठवाड्यात पिल्लं काढायचा हंगाम पाऊस ओसरल्यापासून माघापर्यंत. उन्हाळ्यात अंडी खायची, पाहुण्याला द्यायची, उबवायची नाहीत.

मशीन घ्यावी का कोंबडीखाली बसवावी? – बचत गटातल्या ताई, वसमत

सुरुवात करताय तर खुडूक गावरान कोंबडीखाली. दहा-बारा अंडी ती आरामात झाकते, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर, लाईट गेली तरी तिचं काम चालू. बसवण्याआधी पिसांत राख चोळून तिच्या अंगावरचे पिसवे-उवा घालवा, नाहीतर ती मधेच उठते. सातव्या दिवशी रात्री टॉर्च लावून अंडी बघा, हिरव्या आणि गडद अंड्यातून कमी दिसतं म्हणून टॉर्च जोरदार घ्या.

मशीन घेतलीच तर पंख्याच्या मशीनमध्ये साडेसदतीस अंश, पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर, आणि अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद. आपल्याकडची कोरडी हवा बघता पाण्याच्या ट्रेवर सारखं लक्ष ठेवावं लागतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय ताई. रंगीत अंड्याच्या नादात गावरान माद्या विकून टाकू नका. खुडूक बसणं, पिल्लं सांभाळणं, घार दिसली की आवाज देणं, उकिरड्यावर पोट भरणं, हे सगळं तिच्या रक्तात आहे आणि बाहेरच्या बऱ्याच जातींमध्ये ते माणसाने घालवून टाकलंय. निळा रंग बापाकडून एका पिढीत आणता येतो. आईपण गेलं तर ते एका पिढीत परत येत नाही. म्हणून बाप निळा आणि आई आपली, असाच मेळ मी सगळ्यांना सांगते.

ऑनलाईन निळी उबवणीची अंडी कुरिअरने मागवावीत का? परदेशातून पण मिळतात म्हणे. – तरुण वाचक, उदगीर

परदेशातून अजिबात नको. पक्षी आणि उबवणीची अंडी आणायला सरकारची परवानगी लागते, १८९८ पासूनचा कायदा आहे त्याला, आणि तो रोगांसाठीच आहे. तुम्ही तर उदगीरचे, जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच शहरात कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्यांत आला होता. रोग किती जवळ येतो ते आपण बघितलंय.

देशातल्या माणसाकडून घ्यायची तर शक्यतो जाऊन घ्या. त्याच्या समोर एक अंडं फोडायला सांगा, आतून बघा, कोंबडा आणि माद्या बघा. कुरिअरने आलीच तर निमुळतं टोक खाली करून एक पूर्ण दिवस शांत ठेवा, हलून हलून आतली हवेची पोकळी सुटलेली असते, आणि निम्मी जरी निघाली तरी चांगलं समजा. त्यापेक्षा अंड्यावर आलेली एक तलंग आणि दुसऱ्या घरचा एक कोंबडा घेणं मला जास्त पटतं. नवा पक्षी आणला की तीन आठवडे वेगळा, दुसऱ्या टोकाला, त्याचं पाणी-खाद्य आपल्या कोंबड्यांचं झाल्यावर शेवटी. पिल्लांना मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात, चार आठवड्यांच्या आसपास परत, आणि दोन महिन्यांनंतरची मोठी लस, देवीची लस वेगळी, हे सगळं तालुक्याच्या दवाखान्यात विचारून घ्या. तपकिरी अंड्याच्या चांगल्या माद्या पाहिजे असतील तर छत्रपती संभाजीनगरला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे कोणत्या जातीची पिल्लं आहेत ते आधी फोन करून विचारा.

निळ्या अंड्यात ताकद जास्त असते म्हणून जास्त भाव घ्यावा का? – भोकर

भाव जास्त घ्या, ताकदीचं सांगू नका. कवचाच्या रंगाने आतलं प्रथिन वाढत नाही, पांढरं, तपकिरी, निळं सगळ्यांत सारखंच. गिऱ्हाईक रंगासाठी, ताजेपणासाठी आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीसाठी पैसे देतंय, तेवढं खरं सांगितलं की पुरतं.

कोणती कोंबडी कोणतं अंडं देतेय तेच कळत नाही, सगळ्या एकाच जागी घालतात. निवड करायची कशी? – सेलूच्याच दुसऱ्या ताई

सकाळी खुराडं उघडण्याआधी एकेकीला चाचपायचं, जिच्या पोटात अंडं लागतंय तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवायचं, अंडं दिलं की सोडायची. आठवड्यातून दोन दिवस केलं तरी महिन्यात सगळ्या कळतात. पायात रंगीत प्लास्टिकची कडी घाला आणि वहीत त्या रंगासमोर अंड्याची छटा लिहा, आकाशी, पुदिना, बदामी, जे दिसेल ते. पिल्लांना कडी घातली तर दर पंधरा दिवसांनी सैल करा, पाय जाड होतो आणि कडी मांसात रुतते. वहीत आई कोण, बाप कोण आणि अंडं बसवल्याची तारीख एवढं असलं की पुढच्या वर्षी कोणता कोंबडा ठेवायचा ते वही उघडूनच सांगता येईल, आणि ते पान फोटो काढून मला पाठवलंत तर पुढच्या अंकात त्यावरच बोलू.